शेवटचा फूट

बेळगावात खानापूर रोडला असो की गांधीनगरच्या हायवेकडेला, टायरच्या दुकानामागचा ढीग एकदा नीट बघावा. तिथे दोन जातींचे टायर मरून पडलेले असतात. काही म्हातारे होऊन गेलेले: नक्षी पार गुळगुळीत, गोटी झालेले, मालकाचा पैसा फेडून मोकळे झालेले. त्यांचं काही वाटत नाही. दुसरे बघवत नाहीत. नक्षीत अजून बोटाचं पेर बुडतं, रबर काळंभोर आहे, आणि गालावर, म्हणजे टायरच्या बाजूवर, चार बोटांची चीर. आतली पोलादी तार दाढीच्या खुंटांसारखी बाहेर आलेली.

हे दुसऱ्या जातीचे टायर बहुतेक वेळा हायवेवर मेलेले नसतात. कोल्हापूरहून निघालेली गाडी निपाणीचा तवंदी घाट चढते, संकेश्वर, हत्तरगी मागे टाकते, शंभर-सव्वाशे किलोमीटर सुखरूप येते. मग रविवार पेठेत एखाद्या अडत दुकानासमोर, ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगात, ‘येऊ दे, येऊ दे’ चालू असताना डाव्या अंगाला ‘कर्र’ असा आवाज होतो. शंभर किलोमीटर टिकलेला टायर शेवटच्या फुटात जातो.

हा शेवटचा फूट का हवा असतो, त्याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. नऊ टन माल म्हणजे पन्नास किलोची १८० पोती. गाडी दुकानाच्या कट्ट्यापासून दोन फूट लांब उभी राहिली, तर प्रत्येक पोत्यामागे जाऊन-येऊन चार फूट जादा चाल पडते. १८० पोत्यांची मिळून झाली सव्वादोनशे मीटरच्या आत. चार हमालांत वाटली तर माणशी पंचावन्न मीटर. गणपत गल्लीचं एक टोकही त्यात गाठून होत नाही. आणि एवढ्यासाठी पणाला लागतो वीस हजारांच्या वरचा टायर.

पण हमालाचं म्हणणं खोटं नसतं. त्याला दोन फुटांचं अंतर नकोय असं नाही, त्याला त्या दोन फुटांतलं गटार नकोय. पन्नास किलो पाठीवर घेऊन फुटक्या फरशीवर पाय टाकायचा, तर तो म्हणणारच, ‘आणखी थोडी आत घे की गा.’ यावरचा उपाय स्टेअरिंगमध्ये नाही. फाळक्यापासून कट्ट्यापर्यंत टाकायची दोन इंच जाडीची, दीड फूट रुंदीची एक लांब फळी, दोन्ही टोकांना खालून एकेक आडवी पट्टी ठोकलेली, म्हणजे सरकत नाही. आठ फुटांची फळी गाडीत असली की वाद निम्मा मिटतो. एका वेळी एकानेच चालायचं, एवढं मात्र बजावून सांगावं लागतं.

आता त्या गालाविषयी. टायरकडे बघताना डोळा नक्षीवर जातो, कारण पैसे नक्षीचे मोजले जातात. पण नक्षीखाली जाड रबर असतं, त्याखाली पोलादी तारांचे तीन-चार पट्टे एकमेकांवर आडवेतिडवे बसवलेले असतात. खिळा, खडी, खड्डा, सगळं त्यांनी सोसायचं. गालात यातलं काही नसतं. रेडियल ट्रकटायरच्या गालात पोलादी तारांचा एकच थर असतो, एका कडेच्या बीडपासून, म्हणजे रिमवर बसणाऱ्या जाड कडेपासून, दुसऱ्या कडेच्या बीडपर्यंत सरळ गेलेला, आणि वर काही मिलिमीटर रबर. गाल असा पातळ ठेवलाय तो मुद्दामच, कारण त्याने वाकायचं असतं. तो वाकतो म्हणून टायर कमी तापतो, डिझेल वाचतं, नक्षी सपाट बसते. जुन्या नायलॉन टायरच्या गालात दोऱ्याचे एकमेकांना छेद देणारे अनेक थर असायचे, त्यामुळे तो दगडाला जास्त दाद देत नसे. ‘पूर्वीचे टायर दगड खायचे’ असं जुने ड्रायव्हर म्हणतात त्यात अतिशयोक्ती थोडी आहे, खरं जास्त आहे. तोच टायर लांबच्या पल्ल्याला तापायचा, हे सांगायला मात्र ते विसरतात.

मापं घेतली की चित्र आणखी स्पष्ट होतं. १०.०० आर २० हा आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांना चालणारा साइज. त्याची रुंदी साधारण २७८ मिलिमीटर, आणि तो बसतो साडेसात इंची रिमवर, म्हणजे १९० मिलिमीटर. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी टायर रिमच्या बाहेर चारेक सेंटिमीटर डोकावतो. माल भरला की जमिनीलगतचं पोट त्याहून पुढे येतं. आरशातून ड्रायव्हरला दिसते ती बॉडी आणि फार तर चाकाचा वरचा भाग. खालचं पोट दिसत नाही. भरलेल्या गाडीत या टायरच्या रिमची कड जमिनीपासून साधारण वीस सेंटिमीटरवर असते. फूटपाथचा दगड बहुधा पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच. म्हणजे तो नेमका पोटाला लागतो, थेट त्या एका थराला. छोट्या हत्तीची गोष्ट वेगळी. त्याचा १४५ आर १२ टायर एवढा बुटका असतो की रिमची कड जमिनीपासून जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरवर येते. तिथे दगड गालाला घासून थांबत नाही, सरळ रिम वाकवतो, आणि हवा कडेने हळूहळू जात राहते. लोक पंक्चर शोधत बसतात. पंक्चर नसतंच.

हवा कमी असेल तर सगळं आणखी बिघडतं. पोट जास्त बाहेर येतं आणि दगड लागला की गाल दगड व रिम यांच्या मध्ये चिमटला जातो. खलबत्त्यात सापडल्यासारखा. वरून काही दिसत नाही, आत तारा तुटतात. मोठ्या टायरला भारानुसार ११० ते १२० पौंड हवा लागते, नेमका आकडा गाडीच्या पाटीवर किंवा कंपनीच्या तक्त्यात बघायचा. हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना. घाट उतरून आलेल्या तापलेल्या टायरात पाच-दहा पौंड जास्त दिसले म्हणून सोडायचे नाहीत. निवला की तोच टायर कमी हवेचा होतो आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत चिमटला जातो. मागच्या जोडी चाकांतल्या आतल्या टायरची हवा बघायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. आतला बसला की बाहेरच्यावर दुप्पट भार येतो, आणि दगडाला सामोरा जातो तो बाहेरचाच.

दगडांच्याही जाती असतात, आणि या भागात तर त्यांचं प्रदर्शनच आहे. खानापूरकडच्या घरांना, कुंपणांना जांभा वापरलेला. त्याची कड काही पावसाळ्यांत गोल होते, टायर घासला तर खरवडतो, सहसा कापत नाही. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतल्या उंबऱ्याचा काळा दगड कठीण, पण पिढ्यान् पिढ्या पायांनी झिजून त्याचीही धार गेलेली. गटारावर टाकलेली शहाबादी फरशी मात्र फुटली की सुरी होते. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, त्यानंतर कैक रस्त्यांना नव्या कडा आल्या. सिमेंटचा ओतीव दगड नवा असतो तोवर बरा. पहिल्या दोन-चार धडकांत त्याचा कोपरा उडतो, आतली खडी उघडी पडते, आणि मग तो कानशीसारखा वागतो. सगळ्यांत वाईट म्हणजे फुटलेल्या स्लॅबमधून बाहेर आलेली सळई. तिला गाल म्हणजे लोणी. उद्यमबागेत आणखी एक भर: लेथमधून निघालेला लोखंडी कीस गटाराच्या कडेला साचलेला असतो. तो गाल कापत नाही, नक्षीत रुततो, पण कडेला खेटून उभं राहायची सवय असलेल्याला तोही भेटतो.

पावसाळ्यात यांतलं काहीच दिसत नाही. इथला पाऊस म्हणजे जूनपासून गटार आणि रस्ता एकच. त्यातून ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, पाणी वंगणासारखं काम करतं. ज्या कडेने मे महिन्यात नुसती खरवड उठली असती तीच जुलैत चीर पाडते. पावसाळ्यात नव्या जागी माल उतरवायचा असेल तर क्लिनरने आधी काठी घेऊन पाण्यातली कड चाचपून यावी. दोन मिनिटांचं काम. चप्पल भिजते, टायर वाचतो.

मग वळण. गल्लीच्या तोंडाशी जो गाल फाटतो तो बहुतेक वेळा मागच्या डाव्या बाहेरच्या चाकाचा. पुढचं चाक कोपऱ्यापासून छान लांबून जातं आणि ड्रायव्हरला वाटतं, निघालो. पण मागचं चाक पुढच्याच्या वाटेने कधी जात नाही, ते आतून कापतं. किती आतून, ते व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतरावर ठरतं. ४.२ मीटर व्हीलबेसची गाडी पुढच्या आसाने आठ मीटरच्या त्रिज्येत पूर्ण वळण धरते, तेव्हा मागचा आस ६.८ मीटरच्या त्रिज्येत फिरतो. तब्बल १.२ मीटरचा फरक. छोट्या हत्तीचा व्हीलबेस २.१ मीटर, त्याच वळणात त्याचा फरक जेमतेम २८ सेंटिमीटर. काटकोनात गल्लीत शिरताना वळण अर्ध्यावर संपतं, त्यामुळे फरक यापेक्षा काहीसा कमी भरतो, पण हिशेब पूर्ण फरकाचाच धरावा. छोटा हत्ती वर्षभर चालवून मोठ्या गाडीवर आलेला पोरगा पहिल्या महिन्यात टायर का फाडतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्याचा हात वाईट नसतो. त्याच्या हाताला २८ सेंटिमीटरची सवय लागलेली असते.

म्हणून मोठ्या गाडीने डावीकडे वळायच्या आधी डाव्या कडेपासून सव्वा ते दीड मीटर जागा सोडून, सरळ, नेहमीपेक्षा जास्त पुढे जायचं आणि मग स्टेअरिंग फिरवायचं. आणि वळत असताना नजर समोर कमी, डाव्या आरशात जास्त. आरसा बाहेरच्या वाहतुकीसाठी लावलेला असतो, त्यात मागच्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग दिसत नाही. खाली झुकवलेला एक जादा गोल आरसा डाव्या दाराच्या वर लावून घ्यावा, स्वस्तात होतो. यात एक धोका आहे. सोडलेली ती दीड मीटर जागा बेळगावात दोन सेकंदही रिकामी राहत नाही. मागून स्कूटर घुसतेच. तेव्हा डावा इंडिकेटर आधीपासून चालू हवा आणि क्लिनर खाली उतरून त्या जागेत उभा हवा. टायर वाचवण्यासाठी माणूस चिरडला तर कशाला कशाचा हिशेब राहत नाही.

शेपटीकडेही लक्ष हवं. मागच्या आसाच्या मागे निघालेली बॉडी वळताना उलट्या बाजूला बाहेर फेकली जाते. नियमाने हा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे ४.२ मीटरच्या गाडीला अडीच मीटर. डावं चाक वाचवताना उजवीकडची पानाची टपरी गेली, असं होतं ते यामुळे.

रिव्हर्सला तर बाजू निवडण्यातच अर्धं काम असतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे खिडकीतून डोकं काढून त्याला उजवं मागचं चाक जमिनीपर्यंत दिसतं. डावं आरशाच्या भरवशावर. शक्य असेल तेव्हा गल्लीच्या पुढे जाऊन, उजव्या अंगाला कोपरा ठेवून मागे शिरावं. एखादा चौक जादा फिरावा लागला तरी फिरावं. आणखी एक बारकावा: रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे जाते आणि तोंड डावीकडे येतं. मागे बघत असलेल्या ड्रायव्हरचं पुढचं डावं चाक तेव्हाच दगडावर जाऊन बसतं. मागे बघणारा क्लिनर मागेच उभा असतो, पुढचं बघायला कोणी नसतं.

क्लिनरच्या आवाजाचं प्रकरण या भागात विशेष आहे. गाडी एमएच-०९ ची, ड्रायव्हर गडहिंग्लजचा, दुकान बेळगावात, मागे उभा राहून हात हलवणारा हमाल बैलहोंगलकडचा. मराठीत ‘येऊ दे, येऊ दे… बस्स!’ कानडीत ‘बरली, बरली… साकु!’ दोन्ही भाषा सगळ्यांना कळतात, अडचण ती नाही. अडचण ही की मराठीतला ‘बस्स’ आणि कानडीतला ‘बरली’ दोन्ही ‘ब’नेच सुरू होतात, आणि इंजिनाच्या घरघरीत पहिलंच अक्षर कानावर पडतं. एक म्हणजे थांब, दुसरं म्हणजे ये. पुढचं अक्षर ऐकेपर्यंत अर्धा सेकंद जातो. ताशी चार किलोमीटरला गाडी सेकंदाला एक मीटरहून जास्त सरकते, म्हणजे अर्ध्या सेकंदात पावणेदोन फुटांहून जास्त. शेवटचा फूट इथेच संपतो.

तोंडाने बोलण्यापेक्षा बॉडीवर थाप मारलेली बरी. नियम एसटीच्या घंटीचा घ्यावा, तो सगळ्यांच्या रक्तात आहे: एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. थाप ऐकू आली नाही तर काय करायचं हेही ठरवून ठेवायचं: थांबायचं. दाखवणारा माणूस एकच. चौघे चार दिशांनी ‘घे, घे’ करत असतील तर ड्रायव्हरने हँडब्रेक ओढून गप्प बसावं. दाखवणाऱ्याने गाडीच्या मागे मध्यभागी उभं राहायचं नाही, डाव्या मागच्या चाकाच्या रेषेत, कडेला, आरशात दिसेल असं उभं राहायचं. त्याला आरसा दिसत नसेल तर ड्रायव्हरला तो दिसत नाही.

उभं राहताना कडेपासून किती अंतर ठेवावं? दोन विती. वीतभरात भागेल असं वाटतं, पण रस्ता गटाराकडे उतरता असतो, गाडी त्या अंगाला कलते. रिकामी गाडी कडेला लावून माल भरायचा असेल तर आणखी सावध. लावताना टायर आणि दगड यांत तीन बोटं फट दिसते. माल चढत जातो तसा टायर बसतो, पोट बाहेर येतं, फट मिटते. निघताना गाडी घासूनच निघते, आणि ‘लावताना तर लागली नव्हती’ असं ड्रायव्हर शपथेवर सांगतो. तो खरं बोलत असतो.

गाल दगडाला टेकलाच असेल तर उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायचं नाही. सगळ्या भारासकट रबर जागेवर पिळलं जातं, आणि टेकलेल्या गालावर दगड करवतीसारखा फिरतो. स्टेअरिंग आहे तसंच धरून, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने उलट जायचं. हात-दोन हात गाडी सुटी झाली की मग काय ते वळवा.

कधी कधी मात्र कडेवर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. शाहापूर-खासबागेकडच्या विणकरांच्या गल्ल्यांत, सुताचे गठ्ठे उतरवताना, समोरून दुसरी गाडी आली की एक अंग वर घ्यावंच लागतं. चढायचं तर काटकोनात, म्हणजे दगड नक्षीला सामोरा येईल असं. तिरकं चढू गेलं की नक्षी चढत नाही, गाल दगडाला रगडत राहतो आणि शेवटी एकदम उडी मारतो. सरळ चढायला जागा नसेल तर चढूच नये, समोरच्याला मागे घ्यायला सांगावं. मान जाते, पण दुसऱ्या दिवशी परत येते.

जोडी चाकांचा त्यात वेगळा घोळ. मागच्या आसावर दहा टन असतील तर एका बाजूला पाच, दोन टायरांत अडीच-अडीच. बाहेरचा टायर एकटाच दगडाच्या कडेवर चढला आणि आतला अधांतरी राहिला, की पाचही टन त्या एकट्यावर. आणि १०.०० आर २० ची एका टायरची ताकद असते तीन टनांच्या आसपास. तो त्या क्षणी फुटत नाही म्हणून आपण सुटलो असं वाटतं. तीन आठवड्यांनी चोर्ला घाटात फुगा दिसतो.

यासाठी गाडीत लाकडी गुटके असावेत. दगड पंधरा सेंटिमीटरचा असेल तर उतार निदान चारास एक, म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीचा. जोडी चाकांना रुंदीही साठ सेंटिमीटर लागते, नाहीतर पुन्हा एकच टायर चढणार. एवढा अखंड ठोकळा कोणाच्याने उचलणार नाही. तेव्हा ऐनाच्या किंवा किंजळाच्या पाच सेंटिमीटर जाडीच्या फळ्या घ्यायच्या, साठ सेंटिमीटर लांब: एक साठ रुंद, एक चाळीस, एक वीस. पायऱ्यांसारख्या एकावर एक रचायच्या, वीसची सगळ्यांत वर, दगडाला चिकटून. प्रत्येक फळीला एका टोकाला भोक आणि त्यात दोरीचा फास, म्हणजे चाकाखालून ओढून काढता येते. हात घालून काढायची नाही. फळीचे कोपरे रंध्याने मारून घ्यायचे, नाहीतर दगडाऐवजी लाकूडच गालाला टोचेल. वाळूची पोती वापरतात काही जण. एकदा चालतात, दुसऱ्यांदा फुटतात, आणि वाळू सरकली की चाक तिरकं होतं. फुटक्या विटा तर मुळीच नकोत.

चढायचा वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी, पहिल्या गिअरात, क्लच पूर्ण सोडून. वेग दुप्पट झाला तर दणका चौपट होतो. उतरतानाही तेवढंच सावकाश. चढताना काळजी घेणारे बरेच असतात, उतरताना गाडी सोडून देतात.

लागलाच दगड, तर पुढे काय? ‘बघू नंतर’ म्हणून निघून जायचं नाही. माल उतरवून होईपर्यंत वेळ असतोच. बॅटरी घ्यायची आणि उजेड समोरून न टाकता गालाला लागून, तिरपा टाकायचा. तिरप्या उजेडात उंचवटा सावली टाकतो. मग तळवा फिरवायचा, आतल्या गालावरूनही. इथे एक गोष्ट माहीत असावी: रेडियलच्या गालावर उभ्या रेषेत हलकासा खळगा दिसतो तो बहुधा दोष नसतो, आतल्या थराचा सांधा तिथे आलेला असतो. खळग्याला घाबरायचं नाही. उंचवट्याला घाबरायचं. फुगा म्हणजे आतल्या तारा तुटल्या आहेत आणि हवा आता फक्त रबराने धरली आहे. फुगा लगेच येईलच असं नाही. म्हणून खडूने जागेभोवती गोल करून तारीख लिहायची आणि आठवडाभर रोज सकाळी बघायचं.

चीर असेल तर बोथट काडीने हलकेच उघडून बघावी. तळाशी काळं रबरच दिसलं तर ती वरवरची. तार चमकली किंवा काडीला खरखर लागली तर टायर त्या चाकावरून काढायचाच. उघड्या तारेला पावसाचं पाणी लागतं, गंज तारेतून आत सरकत जातो आणि चिरेपासून वीतभर लांब रबर सुटायला लागतं. बाहेरून छोटी जखम, आत मोठी. मग वॉल्व्ह, रिमची कड, नट. आणि हवा मोजून लिहून ठेवायची, तासाभराने एकदा, दुसऱ्या सकाळी परत. पुढचं चाक लागलं असेल तर टाय रॉड आणि अलाइनमेंट बघून घ्यावी. नक्षीवरून तळवा आडवा फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, परतीला करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट गेलीच म्हणून समजा.

एका बाबतीत हयगय नको. दगड लागून हवा गेली आणि बसलेल्या टायरवर गाडी काही अंतर चालली, तर नुसती हवा भरून पुढे जायचं नाही. हवा नेमल्यापेक्षा वीस टक्क्यांनी जरी कमी होऊन टायर चालला असेल तरी तो उतरवून आतून तपासायचा. कमी हवेवर चालताना गालातल्या तारा वाकून वाकून थकलेल्या असतात, आणि पुन्हा हवा भरताना त्या चेन उघडावी तशा ओळीने तुटतात. त्या वेळी समोर माणूस बसलेला असतो. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी, लांब नळीने, गालासमोर उभं न राहता. रस्त्याकडेच्या किती दुकानांत पिंजरा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. निदान लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी कडी, नीट बसली का ते बघून, बाजूला उभं राहण्याचं भान तरी ठेवावं.

गालावरच्या खुणा वाचता येतात, आणि हे काम कंटाळवाणं मुळीच नाही. लांब, गोलाईने गेलेली, उथळ खरवड म्हणजे गाडी कडेला समांतर घासली, लावताना किंवा निघताना. आखूड, खोल, एका जागी खणल्यासारखी जखम म्हणजे वळताना कोपरा लागला. जुन्या नायलॉन टायरात आतून फुलीच्या आकाराचा तडा दिसला तर तो ठोशाचा, म्हणजे वेगात चढवलेली गाडी. चाकाची जागाही बोलते. पुढचं डावं सारखं घासतंय तर अंतराचा अंदाज चुकतोय. मागचं डावं बाहेरचं एकाच जागी, एकाच उंचीवर घासतंय, तर दोष एखाद्या ठरलेल्या ठिकाणाचा आहे. ट्रिपांची वही काढून त्या उंचीचा दगड कुठे आहे ते शोधावं. सापडतो. मग त्या दुकानदाराशी बोलून दगडाच्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई मारून घ्यावी, नाहीतर पांढरा चुना फासावा. एका दगडाने वर्षाला तीन टायर खाल्ले असतील तर अर्धं पोतं सिमेंट त्यापुढे काहीच नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत बाजारात गोड बोलणारे बरेच. नक्षीतल्या छिद्राला आतून गुंडी बसवता येते, गालाच्या चिरेला नाही. गालाची दुरुस्ती तारांच्या दिशेने पॅच लावून, व्हल्कनाइज करून होते, तीसुद्धा जखम कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल तर आणि काम जाणणाऱ्या दुकानात. रस्त्याकडेला जो गेटर टाकतात, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा आतून लावतात, तो गॅरेजपर्यंत पोचायचा उपाय आहे, आणि तोही मागे, कमी भाराने. पुढच्या चाकाला गेटर म्हणजे उघड उघड आत्महत्या.

तार उघडी न पडलेली, नुसती खरवडलेली गालफडं असतील तर टायर उलटून बसवता येतो. घासलेला गाल जोडीच्या आतल्या बाजूला, कोरा गाल बाहेर. नक्षीला दिशेचा बाण नाही ना तेवढं आधी बघायचं. शहरी बसांसाठी काही टायर जाड गालाचे येतात, त्यावर झिजेची खूण म्हणून बारीक खळगे असतात, ते पुसले की उलटायची वेळ झाली. मालाच्या गाडीला असे टायर कोणी सहसा घेत नाही. रोज फक्त बाजारपेठेतच फिरणाऱ्या गाडीने विचार करायला हरकत नाही.

मालकांना एक हिशेब पटकन पटतो. चांगल्या टायरचं सांगाड्यासकट आयुष्य एकाच नक्षीपुरतं नसतं, त्यावर एकदा, कधी दोनदा रबर चढतं. रिट्रेडिंगवाला टायर घेताना आधी नक्षी बघत नाही, गाल बघतो. गाल फाटला तर शिल्लक नक्षी गेलीच, पुढची न चढलेली रबरंही गेली.

आणि त्या तीन फळ्या. काम झालं की धुऊन, दोरीने एकत्र बांधून, बॉडीखालच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटीला कुलूप लावायचं. पोती मोजताना, पावतीवर सही घेताना, फळ्या गल्लीतच राहतात. संध्याकाळी परत येऊन बघावं तर साठवाली फळी कोणाच्या तरी पायरीपुढच्या गटारावर टाकलेली असते, चाळीसवाली पानवाल्याच्या बुडाखाली, आणि वीसवाली कोणालाच माहीत नसते.